मेलेल्या सिंहाची हद्द

बुरूज विहिरीत पडून मेला, त्याच दिवशी दुपारी विशाखा बऱ्हाटेने पुण्याला आपल्या नवऱ्याला फोन केला आणि एक अशक्य वाटणारी गोष्ट मागितली.

बुरूज हा काळदरा अभयारण्यातला सगळ्यात दांडगा सिंह. सातपुड्याच्या पायथ्याला, वर सागाचं रान, मधे गवताच्या टेकड्या आणि खाली मैलोन्मैल केळीच्या बागा, अशा त्या पट्ट्यात गीरहून सिंह आणून सोडले त्याला आता बरीच वर्षं झाली होती. सिंह तिथे चांगले रुजले होते. विशाखा अभ्यासक म्हणून त्यांच्या मागावर होती ती दुसऱ्या पिढीपासून. कोण कोणाची बहीण, कोण कुठे विते, कोणतं पिल्लू धीट आणि कोणतं भित्रं, हे तिला स्वतःच्या माहेरच्या माणसांइतकं ठाऊक होतं. बुरूज रानडुकराच्या मागे धावत हद्दीबाहेरच्या एका पडीक शेतात शिरला आणि तिथली बिनकठड्याची विहीर त्याला गवतात दिसली नाही. वनरक्षक रुबाब तडवीला सकाळी पाण्यावर आयाळ तरंगताना दिसली. क्रेनने त्याला वर काढलं तेव्हा विशाखाने त्याच्या ओल्या मानेवरून हात फिरवला. तो जिवंत असताना ती त्याच्या इतक्या जवळ कधी गेली नव्हती.

पण रडायला वेळ नव्हता. टेकडीवरच्या करवंदीच्या जाळीत गोमाईची चार पिल्लं होती. जेमतेम दीड महिन्याची. गोमाई आणि सुकी या दोघी बहिणी बुरूजच्या हद्दीत राहायच्या. सातपुड्यातून उतरणाऱ्या दोन नद्यांची नावं विशाखाने त्यांना दिली होती. आणि नाल्यापलीकडे दोन तरुण नर होते, सख्खे भाऊ, उनाड आणि धट. गोमाईला रेडिओ कॉलर आधीपासून होती; या दोघांना दोन महिन्यांपूर्वीच बेशुद्ध करून गळ्यात बांधल्या होत्या. उनाडचा एक कान फाटलेला होता. तो बुरूजनेच फाडला होता.

बुरूज गेला हे त्या दोघांना कळायला किती वेळ लागणार? संध्याकाळी त्याची डरकाळी येणार नाही, झाडांवरचा त्याचा वास फिका पडत जाईल, आणि मग एक दिवस ते दोघे नाला ओलांडतील. पुढे काय होतं ते विशाखाने एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पुन्हा पाहायची तिची तयारी नव्हती. पिल्लं अंगावर पीत असेतो सिंहीण माजावर येत नाही. नराचं राज्य असतं दोन-चार वर्षांचं, तेवढ्यात त्याला स्वतःची पिल्लं हवी असतात. म्हणून नवा नर आला की आधीच्या नराची पिल्लं मारून टाकतो. त्यात राग नसतो की दुष्टपणा नसतो. तसं होतं, एवढंच.

तिचा नवरा निरंजन दाबके हा रसायनशास्त्रज्ञ. गेली चार वर्षं तो पुण्याच्या प्रयोगशाळेत एका यंत्रावर काम करत होता. त्याला ते दोघं घरगुती भाषेत गंधपेटी म्हणत. केळीच्या बागांत सिंह दडून बसतात म्हणून बागेच्या कडेला परक्या नराचा वास सोडून त्यांना बाहेर ठेवायचं, अशी मूळ कल्पना. दोन बागांवर ती बऱ्यापैकी चालली होती.

विशाखाने त्याला विचारलं, "मेलेल्या सिंहाला जिवंत ठेवता येईल?"

निरंजनने उलट विचारलं की बुरूजचे नमुने किती आहेत. दोन वर्षं ती बुरूजने फवारलेल्या झुडपांची पानं गोळा करून त्याच्याचकडे पाठवत होती. सगळी त्याच्या शीतकपाटात होती. मग तो म्हणाला की मला थोडी मुदत दे, आणि तोवर त्याच्या डरकाळ्यांची जेवढी ध्वनिमुद्रणं आहेत तेवढी शोधून ठेव.

तो आला तेव्हा त्याच्या गाडीची मागची सीट काढलेली होती आणि तिथे टिफिनच्या डब्याएवढ्या चाळीसेक पेट्या रचलेल्या होत्या. दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि तोंडाला खळ नाही. चहा होण्याआधीच त्याने विशाखाला आणि रुबाबभाऊंना ओट्यावर बसवून सगळं समजावून सांगायला सुरुवात केली.

सिंह झाडावर मागच्या बाजूने फवारा मारतो. त्या फवाऱ्यात अनेक रसायनं असतात आणि ती चरबीच्या बारीक थेंबांत अडकलेली असतात. रसायनं बहुतेक सगळ्या सिंहांत तीच, पण त्यांचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं. एकाच मसाल्याचे जिन्नस घेऊन दोन घरांत भाजी केली तरी खाणाऱ्याला कोणाच्या घरची ते कळतं, तसं. यातली हलकी रसायनं लवकर उडून जातात, जड मागे राहतात. त्यामुळे वासावरून नुसता कोण एवढंच कळत नाही, तो इथून कधी गेला, आज सकाळी की आठवड्यापूर्वी, तेही कळतं. बाजारात मिळणाऱ्या वासांच्या औषधांची हीच चूक होते. त्यांचा वास रोज ताजा असतो, आणि रोज ताजा असलेला वास म्हणजे खोटा वास. निरंजनची पेटी आधी ताजा फवारा मारायची, मग त्याला हवा तसा जुना होऊ द्यायची, आणि बुरूज जेवढ्या अंतराने त्या झाडाशी यायचा तेवढ्याच अंतराने पुन्हा मारायची. कुठली पेटी कधी चालवायची हे विशाखाकडच्या बुरूजच्या जुन्या फेऱ्यांवरून संगणक ठरवायचा. प्रत्येक पेटीत एक भोंगा होता. संध्याकाळी आणि पहाटे त्यातल्या एकीतून डरकाळी उठायची, दुसऱ्या दिवशी दोन मैलांवरच्या दुसरीतून.

रुबाबभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की पेट्या झाडाला खिळ्याने मारायच्या की दोरीने बांधायच्या. खिळ्याने मारलेलं वरच्या साहेबांना चालणार नव्हतं.

दोरीने बांधल्या. शेवटची पेटी नाल्याकाठच्या अर्जुनाच्या झाडाला लावून तिघं जीपमध्ये येऊन बसले, तेव्हा टॅबलेटवर उनाड आणि धटचे दोन ठिपके नाल्याच्या दिशेने सरकत होते.

उन्हं तिरपी झाली होती. पलीकडच्या गवतातून आधी धट बाहेर आला, मागून उनाड. दोघे बिनधास्त चालत होते, मधे मधे हुंगत. धटने पाण्यात पाय घातला, या काठावर चढला आणि अर्जुनाच्या बुंध्यापाशी येऊन एकदम थबकला. त्याने तोंड उघडलं, वरचा ओठ वर ओढला, दात दिसले. वास जिभेवर घोळवल्यासारखा तो तसाच उभा राहिला. निरंजनचं बोट टॅबलेटवरच्या बटणावर होतं. उनाड पुढे आला, त्याने फक्त एकदा हुंगलं आणि त्याचा फाटका कान मागे दुमडला.

"आता," विशाखा पुटपुटली.

निरंजनने बटण दाबलं. त्यांच्या डावीकडच्या टेकडीवरून बुरूजची डरकाळी उठली. पहिली लांबलचक, मग तिच्या मागे आखूड, खोल, एकामागोमाग. जीपची पत्र्याची दारं थरथरली. याच सिंहाला ज्या खड्ड्यात पुरलं होतं तिथली माती अजून विशाखाच्या बुटांना होती.

उनाड आधी वळला. पाण्यातून उडतच पलीकडे गेला. धट क्षणभर टेकडीकडे बघत राहिला, मग तोही पाठमोरा झाला, आणि गवत दोघांवर मिटलं. मग रुबाबभाऊ हसायला लागले, आधी दबक्या आवाजात, मग पोट धरून. निरंजनने विशाखाला मिठी मारली. त्यांच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्यातली जवळजवळ सगळी दोन गावांत गेली होती. असं एकत्र काही करून जिंकण्याची ही पहिली वेळ.

त्यानंतरचे दिवस विशाखाच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. निरंजनने पुण्याहून सामान आणलं आणि वन खात्याच्या चौकीमागच्या दोन खोल्यांत मुक्काम ठोकला. पहाटे दोघं टेकडीवर जायचे. पिल्लं जाळीतून बाहेर येऊ लागली होती. एक सारखं सुकीच्या शेपटीला लटकायचं, एकाला स्वतःच्या सावलीचं नवल वाटायचं, आणि एक लहानखुरी मादी होती ती सगळ्यात आधी गोमाईच्या आचळाला जाऊन भिडायची. निरंजनला प्रयोगशाळेबाहेरचा सिंह माहीत नव्हता. तो लहान मुलासारखा प्रश्न विचारायचा आणि विशाखा सांगत राहायची. उनाड आणि धट अधूनमधून हद्दीशी यायचे, हुंगायचे, परत जायचे. सिंह मेला होता, पण त्याचं राज्य चालू होतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दोन राज्यांच्या वन खात्यांनी निरंजनला बोलावणं पाठवलं, परदेशातल्या एका अभयारण्याची माणसं येऊन पाहून गेली. वाघांना, बिबट्यांना, हत्तींना असं काही करता येईल का, असं सगळे विचारत होते. काळदऱ्याजवळच पेट्या बनवायचा छोटा कारखाना काढायचा, असं निरंजन म्हणू लागला. म्हणजे दोन गावांत राहणं कायमचं संपलं असतं.

पहिली विचित्र गोष्ट विशाखाला गोमाईच्या वागण्यात दिसली. संध्याकाळी भोंग्यातून बुरूजची डरकाळी उठली की गोमाई उत्तर द्यायची, आणि मग आवाजाच्या दिशेने चालत जायची. पेटीखाली जाऊन हुंगायची. आजूबाजूला हिंडायची. वास ताजा, आवाज ताजा, पण जमिनीवर पाऊल नाही, गवतावर बसल्याची खूण नाही. ती बसून राहायची आणि मग हलक्या आवाजात, पिल्लांना बोलावतात तशी, एकदोनदा बोलवायची. विशाखाला ते बघवायचं नाही. काही आठवड्यांनी गोमाईने उत्तर देणं बंद केलं. डरकाळी उठली तरी ती मान वळवून बघेनाशी झाली.

निरंजन म्हणाला की गोमाईला कळलं तरी हरकत नाही, त्या दोघांना कळत नाही तोवर काम चाललंय.

त्या दोघांचं काय चाललं होतं, ते दुसरीकडून कळलं. त्यांच्या एका बाजूला उंच कडा, एका बाजूला दुसऱ्या नरांची जोडी, आणि समोर बुरूजची न संपणारी हद्द. एरवी म्हातारा राजा पडतो, जागा मोकळी होते आणि तरुण नर तिथे शिरतात. इथे जागा मोकळीच होत नव्हती. ते खाली सरकत गेले. आधी केळीच्या बागांत दिसले. मग मेंढ्यांच्या वाड्यांशी.

धाकलू ठेलारी दरवर्षी पाऊस संपला की आपल्या मेंढ्या घेऊन त्या भागात उतरायचा. त्याच्या कळपातल्या मेंढ्या गेल्या, त्या त्याने एकदोनदा सोसल्या. सिंहाच्या रानाशेजारी राहायचं तर एखादी जाणारच, असं तो म्हणायचा. पण एका सकाळी धट वाडगं फोडून आत शिरला आणि धाकलूचा धाकटा भाऊ हिलाल काठी घेऊन आडवा गेला. धटने एकच पंजा मारला. हिलालचा खांदा हाडापर्यंत उघडा पडला.

विशाखा तालुक्याच्या दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरांनी हात वाचेल असं सांगितलं होतं. धाकलू बाहेर पायरीवर बसला होता. त्याने आरडाओरडा केला नाही. ती शेजारी बसली. तोच आधी बोलला.

"ताई, लोक सांगतात, तुम्ही मेलेल्या सिंहाला रानात ठेवलं. मग जिवंत होते ते कुठे जातील? आमच्याकडेच येतील ना?"

परत येताना तिने जीप दोन वेळा थांबवली, कारण तिला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

वन खात्याचा निर्णय लवकर झाला. उनाड आणि धटला पकडायचं आणि कायमचं पिंजऱ्यात ठेवायचं. पकडणारी तुकडी बाहेरून यायची होती, तिला यायला थोडे दिवस लागणार होते. विशाखाने त्या संध्याकाळी निरंजनला सांगितलं की तिला पेट्या बंद करायच्या आहेत.

त्याने आधी ते हसण्यावारी नेलं. मग त्याच्या लक्षात आलं की ती खरंच बोलतेय. पिल्लं आता साडेपाच महिन्यांची आहेत, तो म्हणाला. एवढ्या वयाच्या पिल्लांना ते दोघे सोडतील का, तूच सांग. ती म्हणाली की नाही सोडणार. मग तू चार पिल्लं मारायला निघालीस, तो म्हणाला. ती म्हणाली की पेट्या चालू ठेवल्या तर दोन सिंह जन्मभर पिंजऱ्यात जातील, आणि त्यांच्या जागी पुढचे दोन तरुण नर येतील, तेही धाकलूच्याच वाड्यावर जातील, मग त्यांनाही पकडायचं, असं किती वर्षं करणार. दोघांचाही आवाज चढला. शेवटी निरंजन म्हणाला, "हे तूच माझ्याकडे मागितलं होतंस, विशाखा. मी तुझ्यासाठी केलं हे."

ते खरं होतं, म्हणूनच ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी तो न सांगता पुण्याला निघून गेला. प्रयोगशाळेत काही तपासायचंय, एवढाच निरोप रुबाबभाऊंकडे होता. मागच्या खोल्यांत त्याचे कपडे तसेच दोरीवर वाळत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. तो इतक्या घाईने बोलत होता की सुरुवातीला तिला काही कळेना. त्याने एका वेगळ्याच हेतूने, एकेका पिल्लाच्या बसायच्या जागेवरून उचललेले केस तपासायला दिले होते. पिल्लांच्या अंगाला बापाचा वास किती येतो ते त्याला बघायचं होतं; तोही पेटीत घालता आला तर हद्द अजून पक्की होईल असं त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी कोणतं पिल्लू बुरूजचं याची खात्री हवी म्हणून त्याने त्यांचा डीएनए काढायला लावला.

"चारपैकी दोनच बुरूजची आहेत," निरंजन म्हणाला.

विशाखा खुर्चीतून उठली.

उरलेली दोन कोणाची, हे त्याने तिथल्या तिथे ताडून पाहिलं होतं. कॉलर बांधताना उनाड आणि धटचं रक्त घेतलं होतं, त्याचा नमुना प्रयोगशाळेत होताच. एक पिल्लू उनाडचं. एक, ती लहानखुरी मादी, धटची. चारही एकाच वेळी जन्मलेली, एकाच आईची आणि तीन बापांची.

विशाखाने फोन खांद्याशी धरून गोमाईच्या कॉलरच्या जुन्या नोंदी पडद्यावर आणल्या. गोमाई गरोदर राहिली त्या सुमारास ती चार दिवस नाल्यापलीकडे होती. तेव्हा उनाड-धटला कॉलर नव्हत्या, म्हणून विशाखाने गृहीत धरलं होतं की चितळांच्या मागे गेली असेल. ती चितळांच्या मागे गेलीच नव्हती. बुरूज आज ना उद्या पडणार आणि त्याच्या जागी हे दोघे येणार, तर आत्ताच त्यांच्याशी चार दिवस काढून यावं. गोमाईने असा विचार केला असेल असं म्हणता येत नाही. पण तिच्या आयांनी, आज्यांनी, पणज्यांनी हेच केलं असणार, आणि ज्यांनी केलं त्यांचीच पिल्लं जगली असणार. नर पिल्लू ओळखत नाही. तो पिल्लाच्या आईला ओळखतो. हिच्याशी आपण राहिलो होतो, तर ही पिल्लं आपली असतील, एवढ्यावर त्याचा हात थांबतो.

"म्हणजे पेट्यांची गरजच नव्हती," ती म्हणाली.

"कदाचित," निरंजन म्हणाला. "खात्री नाही. त्यांना नऊ महिन्यांनंतर ती आठवेल का, हे मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही."

मग तो म्हणाला की तो निघालाय, आणि तो पोचेपर्यंत तिने पेट्यांना हात लावू नये. तिला वाटलं तो अडवायला येतोय. त्याने पुढे सांगितलं की बंद करायच्याच असतील तर त्याला स्वतःच्या हाताने करायच्या आहेत.

दुसऱ्या दिवशी विभागीय वनाधिकाऱ्यांना पटवायला विशाखाला अख्खी सकाळ लागली. पकडणारी तुकडी पोचेपर्यंतची मुदत त्यांनी दिली. तोवर नर मेंढ्यांकडून जंगलाकडे वळले नाहीत तर भुलीच्या बंदुका चालणार. धाकलूला तिने स्वतः जाऊन सांगितलं आणि कळप रस्त्यापलीकडे हलवायला विनवलं. दुपारी मेंढ्या हलल्या.

निरंजनने एकेक पेटी बंद केली. शेवटच्या पेटीपाशी तो थोडा रेंगाळला. त्या संध्याकाळी काळदऱ्यात बुरूजची डरकाळी उठली नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. वारा होता, झाडांवरचा वास विरत चालला होता.

पुढच्या पहाटे गोमाई नाल्याकाठी येऊन उभी राहिली आणि पलीकडे तोंड करून गरजली. कोणाला उत्तर म्हणून नव्हे, स्वतःहून. टॅबलेटवर दोन ठिपके केळीच्या बागांतून निघाले होते.

रुबाबभाऊंनी जीप टेकडीच्या कडेला उभी केली. उजाडत होतं. खाली नाल्याची वळणं दिसत होती, अलीकडे गोमाई, तिच्या मागे उतारावर सुकी आणि गवतात लपलेली चार पिल्लं. त्यांचे कान तेवढे दिसत होते. निरंजन विशाखाला खेटून बसला होता.

उनाड आणि धट सावकाश आले नाहीत. धावतच आले. पाण्यातून शिंतोडे उडवत दोघे वर चढले, अर्जुनाच्या बुंध्याशी जेमतेम हुंगलं आणि सरळ गोमाईवर आले. गोमाईने पहिल्याला पंजा लगावला, सुकी बाजूने धावून आली, धूळ उडाली, आणि त्या गोंधळात लहानखुरी मादी गवतातून बाहेर पडून उतारावरून पळत सुटली.

धट तिच्या मागे गेला. तिसऱ्या उडीत त्याने तिला गाठलं. पंज्याने आडवी पाडली आणि तिची मान तोंडात धरली.

विशाखाने डोळे मिटले नाहीत. मिटावेत असं वाटलं, पण मिटले नाहीत. गोमाई धटपर्यंत पोचली. ती त्याच्यावर तुटून पडली नाही. त्याच्या तोंडासमोर, पिल्लाच्या अंगाला अंग लावून, तिने स्वतःला जमिनीवर लोळवलं, पाठ घासली, आणि घशातल्या घशात घुरघुरत त्याच्या नाकाला आपलं कपाळ भिडवलं. धट तसाच उभा. पिल्लाचे पाय हवेत हलत होते. त्याने दोनदा श्वास आत ओढला, गोमाईच्या मानेपाशी, कानामागे. वरचा ओठ उचलला. मग त्याने जबडा सैल सोडला आणि पिल्लू धपकन खाली पडलं.

पिल्लू हललं, उठलं, आणि पळण्याऐवजी धटच्याच पुढच्या पायांमधे दडून बसलं.

"सोडलं," निरंजन म्हणाला. "सोडलं त्याने."

रुबाबभाऊंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं होतं. उनाड दमून बसला होता, आणि उरलेली तीन पिल्लं गवतातून एकेक पाऊल टाकत त्याच्याकडे येत होती. बुरूजची दोन आणि उनाडचं एक. त्याला काय ठाऊक कोणतं कोणाचं! एकाने त्याच्या शेपटीच्या गोंड्यावर झडप घातली. उनाडने दात दाखवले, पिल्लू चार हात मागे गेलं, आणि पुन्हा आलं.

विशाखाने वायरलेसवर वनाधिकाऱ्यांना कळवलं की तुकडी आली तरी नाक्यावरच थांबवा. निरंजन दोन राज्यांना आणि परदेशातल्या लोकांना काय सांगणार, असं तिने त्याला विचारलं. जे झालं ते सगळं, तो म्हणाला. आधी पिल्लांचे बाप तपासा आणि मगच पेटी मागा, असं लिहीन, आणि मग कारखान्याची गरज राहते का ते बघू. आणि कारखाना नाही झाला तरी मागच्या दोन खोल्यांचं भाडं कोणी मागत नाहीये ना, असं त्याने विचारलं. तिने नाही अशी मान हलवली.

सूर्य वर आला. धट उठून टेकडीच्या माथ्यावर गेला, मान खाली घातली आणि गरजला. चार महिन्यांत त्या टेकडीवर भोंग्याशिवाय कोणी नर गरजला नव्हता. आवाज दरीतून फिरून परत आला. मागोमाग आलेली लहानखुरी मादी त्याच्या पायाशी दचकून उलटी पडली, उठली, त्याच्याच दिशेने तोंड वर केलं आणि जबडा उघडला. दार करकरावं तसा एक बारीक आवाज निघाला. तिला तो पसंत पडला असावा, कारण तिने पुन्हा काढला. निरंजन मोठ्याने हसला. विशाखाने त्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि मग स्वतःच हसायला लागली.